विखुरलेल्या टिपणांचे सामायिक दप्तर

बेंगळूर शहरातील शिवाजीनगर हा गजबजलेला भाग आहे. रसेल मार्केटची इमारत, सेंट मेरीचे जुने चर्च, बसस्थानक आणि त्यांच्या भोवतीच्या अरुंद गल्ल्या यांतून जाताना कन्नड, तमिळ, उर्दू आणि इंग्रजी या भाषा एकाच वेळी कानावर पडतात. या वस्तीचे नाव वाचून एखाद्या मराठी विद्यार्थ्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो, की शिवाजी महाराजांचा या शहराशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या केंपेगौडाकडून बेंगळूर जिंकले. त्या मोहिमेत शहाजी राजे होते आणि पुढे हे शहर त्यांच्या जहागिरीचे ठिकाण झाले. मात्र वस्तीचे नाव हा त्याचा पुरावा नव्हे. शिवाजीनगर हा भाग इंग्रजांनी १८०९ मध्ये वसवलेल्या छावणीच्या परिसरात वाढला, पूर्वी त्याला ब्लॅकपल्ली म्हणत आणि आजचे नाव विसाव्या शतकातील आहे. शहाजी राजांचे बेंगळूर म्हणजे तेथून दूर असलेली जुनी पेठ आणि तिच्याजवळचा किल्ला.

मग पुरावा कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. शहाजी राजांच्या बेंगळूरसंबंधीची साधने बेंगळुरात फारशी राहिलीच नाहीत. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य रचले. त्यात शहाजी राजांच्या सभेचे आणि तेथे अनेक भाषांत कविता करणाऱ्या कवींचे वर्णन येते. ते छापून प्रसिद्ध झाले १९२२ मध्ये, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या संपादनाखाली. शहाजी राजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापन केले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बेंगळूर घेतले आणि तीन लक्ष रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना दिले. मराठी राजघराण्याबरोबर ग्रंथ आणि कागद दक्षिणेकडे तंजावरला गेले, काही महाराष्ट्रात घराण्याघराण्यांत राहिले, काही नाहीसे झाले. एका शहराच्या पन्नास वर्षांचा इतिहास असा तीन-चार प्रांतांत विखुरला.

हे उदाहरण अपवादात्मक नाही. ज्ञान बहुधा मोठ्या ग्रंथाच्या रूपाने जन्माला येत नाही. एखादे पत्र, एखादी यादी, एखाद्या शिलालेखाचे वाचन, एखाद्या अभ्यासकाने दोन पानांत मांडलेली शंका, तिच्यावर दुसऱ्याने दिलेले उत्तर अशा लहान तुकड्यांतून ते घडत जाते. ग्रंथाला ग्रंथालयात जागा मिळते, तुकड्याला मिळत नाही. म्हणून असे तुकडे एकत्र ठेवण्यासाठी सामायिक संग्रह लागतो. संग्रह करणे हे काम कष्टाचे आहेच, परंतु तो अनेकांच्या मालकीचा ठेवून चालवणे हे त्याहून अवघड. महाराष्ट्रात हा प्रयोग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला आणि त्यातून आजही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐतिहासिक कागद जमवण्याची ओढ महाराष्ट्रात निर्माण झाली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झाले. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी त्यातून बखरी, पत्रे आणि जुनी काव्ये छापली. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी स्वतःच्या खटपटीने मोठा संग्रह उभारला. राजवाडे यांनी तर गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरची आणि पेट्यांतली दप्तरे उघडली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला व पुढे तिचे बावीस खंड झाले. ही सर्व कामे थोर होती, पण ती एकेका माणसाच्या आयुष्याला बांधलेली होती. माणूस थकला, पैसा संपला किंवा वारसांना आस्था उरली नाही, की संग्रहाचे भवितव्य अनिश्चित होई. दुसऱ्या बाजूला सरकारी पेशवे दप्तर होते. त्यातील कागदांवर इनामे आणि वतने यांचे हक्क अवलंबून असल्यामुळे इंग्रज सरकार ते अभ्यासकांना सहज पाहू देत नसे. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले, तेव्हा कोठे ते दप्तर वाचकांपर्यंत पोचले. म्हणजे खासगी संग्रह उघडा पण अल्पायुषी, आणि सरकारी संग्रह दीर्घायुषी पण बंद, अशी स्थिती होती.

या दोहोंच्या मधला मार्ग ७ जुलै १९१० रोजी पुण्यात निघाला. त्या दिवशी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाची कल्पना साधी होती. कोणाला जुना कागद सापडला तर त्याने तो मंडळाच्या सभेत आणावा, वाचून दाखवावा, त्यावर आपले टिपण सादर करावे. इतरांनी त्याची छाननी करावी. मग ते टिपण मंडळाच्या वार्षिक इतिवृत्तात किंवा संमेलनवृत्तात छापले जावे. १९२० पासून मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले. त्यातील पुष्कळसा मजकूर अगदी छोटा असे. एक पत्र, त्याची तारीख, ते कोणाकडे मिळाले याची नोंद आणि त्यावर चार ओळींचा खुलासा एवढेच. पण तो कोणाच्या तरी वहीत राहिला नाही, हे महत्त्वाचे.

या सामायिकपणाचे फळ काय मिळते हे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या उदाहरणावरून उत्तम समजते. पूर्वी बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हे महाराजांचे जन्मवर्ष मानले जाई. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती. वर्षवार घडलेल्या घटनांची ती त्रोटक नोंद होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये मंडळामार्फत ती प्रकाशात आणली. तीत महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवशी झाल्याचे नमूद आहे. एका शकावलीवरून रूढ समजूत बदलणे योग्य झाले नसते आणि तसे झालेही नाही. वाद सुरू झाला. काही वर्षांनी सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य मिळवले आणि १९२७ मध्ये मंडळाने ते प्रसिद्ध केले. त्यातही हीच तिथी होती. मावळातील एका देशमुखाच्या घरची नोंद आणि शेकडो कोस दूर असलेल्या तंजावरच्या ग्रंथालयातील काव्य यांची भेट मंडळात झाली. हे दोन पुरावे दोन वेगळ्या पेट्यांत राहिले असते तर एकाने दुसऱ्याला कधीच दुजोरा दिला नसता. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी रोजी शिवजयंती साजरी करते, ती १६३० मधील याच तिथीच्या आधारे.

येथे तंजावरचाही उल्लेख केला पाहिजे. सरस्वती महाल हे मुळात राजघराण्याचे ग्रंथालय. दुसऱ्या सरफोजी राजांनी ते वैभवाला नेले. १९१८ मध्ये ते सार्वजनिक झाले. दिवेकरांसारख्या पुण्याच्या अभ्यासकाला तेथील पोथी मिळू शकली, याचे श्रेय काही अंशी या बदलाला दिले पाहिजे.

सामायिक संग्रह म्हटला की प्रथम मालकीचा प्रश्न येतो. एखादे घराणे आपले दप्तर संस्थेकडे देते तेव्हा ते कोणाचे होते? चिटणीसाचे नव्हे, अध्यक्षाचे नव्हे, आणि ज्याने ते शोधून आणले त्याचेही नव्हे. यासाठी कायद्याचा आधार लागतो. आपल्या देशात १८६० चा संस्था नोंदणी कायदा आहे. सात किंवा अधिक व्यक्ती एकत्र येऊन साहित्य, विज्ञान किंवा धर्मादाय कार्यासाठी संस्था नोंदवू शकतात. संस्थेची उद्दिष्टे लिहून द्यावी लागतात, नियम सादर करावे लागतात आणि कारभार पाहणाऱ्या मंडळाची यादी दरवर्षी द्यावी लागते. या कायद्याचे चौदावे कलम फारसे कोणी वाचत नाही, पण संग्रहाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. संस्था विसर्जित झाली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे द्यायची आणि ती संस्था कोणती हे उपस्थित सभासदांपैकी किमान तीनपंचमांश मतांनी ठरवायचे. संग्रह सुरू करणारी माणसे उत्साहात असतात. आपली संस्था बंद पडेल हा विचार त्यांना अशुभ वाटतो. परंतु मृत्युपत्र करून ठेवणारा मनुष्य लवकर मरत नाही, तसेच हेही आहे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. राजवाडे हे मंडळाचे संस्थापक आणि त्या काळातील अग्रगण्य संशोधक. तरीही मंडळाशी त्यांचे मतभेद झाले व ते मंडळापासून दूर झाले. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास होते व तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचे साहित्य तेथे जपले गेले. या घटनेकडे केवळ खेदाने पाहण्याचे कारण नाही. संस्थापक गेल्यावरही पुण्याचे मंडळ चालू राहिले, दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे अशा व्यासंगी मंडळींनी ते वाढवले. राजवाडे यांच्या तोलाचा माणूस बाहेर पडूनही जी संस्था टिकते, तिची घडी एका व्यक्तीच्या इच्छेवर नव्हे तर नियमांवर बसलेली असते. उलटपक्षी, नियमांनी बांधलेल्या संस्थेत प्रतिभावंताचा जीव गुदमरतो, हेही तितकेच खरे आहे. सामायिक संग्रहाला दोन्ही प्रकारची माणसे हवी असतात आणि ती एका खोलीत फार काळ सुखाने नांदत नाहीत.

तिसरा प्रश्न नोंदीचा. तो दिसायला किरकोळ, पण संग्रहाचे सारे आयुष्य त्यावर अवलंबून असते. जुन्या दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमालाला क्रमांक असतो, पण आतल्या प्रत्येक कागदाचा विषय, लेखक, तारीख आणि तो कोठून आला हे लिहिलेले नसेल, तर लाखो कागद असूनही ते नसल्यासारखेच. मराठी साधनांच्या बाबतीत तर अडचणी अधिक. लिपी मोडी, कालगणना कधी शकाची, कधी हिजरी किंवा सुहूर सनाची. एकाच गावाची नावे अनेक. बेंगळूर, बंगळूर आणि बंगरूळ ही तिन्ही रूपे एकाच शहराची आहेत हे सूची करणाऱ्याने एकदा ठरवून टाकले नाही, तर बेंगळूरचा शोध घेणाऱ्याला बंगरूळचा कागद कधीच दिसणार नाही. म्हणून चांगल्या संग्रहात नावांचे एक प्रमाण रूप ठरवतात व इतर रूपांवरून त्याकडे वाट दाखवतात. मूळ कागदातील रूप मात्र बदलत नाहीत. हे काम कंटाळवाणे असते, त्याबद्दल कोणाचा सत्कार होत नाही, आणि तेच अर्धवट सोडले जाते.

आता काळ पालटला आहे. अभ्यासक आपली टिपणे संगणकावर लिहितात आणि तेथूनच जगासमोर ठेवतात. यामुळे प्रसार सोपा झाला, पण टिकाऊपणा वाढला असे समजणे चुकीचे ठरेल. हातकागदावर शाईने लिहिलेले पत्र कोरड्या पेटीत तीनशे वर्षे राहू शकते. संगणकीय पान मात्र जागेचे भाडे थकले, कंपनीने धोरण बदलले किंवा लेखकाचे निधन झाले की एका दिवसात नाहीसे होते. २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा बंद झाली तेव्हा सामान्य लोकांनी तयार केलेली लक्षावधी पाने तिच्याबरोबर गेली. त्यांपैकी काहींच्या प्रती इतरांनी धावपळ करून वाचवल्या. त्या सेवेत जागा फुकट होती, पण कारभारात पाने लिहिणाऱ्यांचा शब्द नव्हता.

याच्या उलट उदाहरण ‘अर्काइव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहाचे आहे. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतील लॉस अलामोस येथे तो सुरू केला. छापील नियतकालिकात येण्यापूर्वीच लेख एकमेकांना वाचता यावेत एवढाच हेतू होता. २००१ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठाकडे गेला आणि पुढे त्याच्या खर्चाचा वाटा जगभरातील अनेक संस्था उचलू लागल्या. त्याचे काही नियम लक्षात घेण्यासारखे आहेत. लेख विषयाला धरून आहे की नाही हे नियंत्रक पाहतात, त्यातील निष्कर्ष बरोबर आहे की नाही याचा निवाडा करीत नाहीत. २००४ पासून नव्या लेखकाला त्या विषयातील आधीच्या लेखकाची शिफारस लागू लागली. लेखात सुधारणा केली तर नवी आवृत्ती जोडली जाते, जुनी पुसली जात नाही. लेखकाने लेख मागे घेतला तरी तो मागे घेतल्याची नोंद राहते आणि आधीची आवृत्तीही पाहता येते. विद्वानाला आपली चूक झाकण्याची मुभा नाही, असा हा कडक पण न्याय्य नियम आहे.

अशा संग्रहाचे भारतातील एक आरंभीचे उदाहरण शिवाजीनगरापासून काही किलोमीटरवर आहे. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये आपल्या अध्यापकांचे आणि संशोधकांचे लेख एकत्र ठेवणारा संगणकीय संग्रह सुरू केला. त्यासाठी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात तयार झालेली आणि सर्वांना मोफत वापरता येणारी संगणक-प्रणाली निवडली. प्रणाली खुली असण्याचा लाभ असा की ती बनवणारी कंपनी बुडाली तरी संग्रह अडकून पडत नाही. लेखांचे वर्णन जर जगात रूढ असलेल्या ठरावीक पद्धतीने केले असेल, तर एका संग्रहातील नोंदी दुसऱ्या संग्रहाला आपोआप वाचता येतात. पुण्याचा कागद आणि तंजावरची पोथी यांची भेट घडवण्यासाठी दिवेकरांना प्रवास करावा लागला होता. येथे ते काम नोंद करते, मात्र नोंद नीट केलेली असेल तरच.

लेखकाचा हक्क हाही विषय येतो. १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. राजवाडे यांचे लेखन आज कोणीही छापू शकतो, पण कालपरवा लिहिलेले टिपण कोणी न विचारता उचलू शकत नाही. त्यामुळे सामायिक संग्रहात लेख स्वीकारतानाच लेखकाकडून लेखी संमती घ्यावी लागते. हक्क लेखकाकडेच राहतात. संग्रहाला तो जतन करण्याचा, त्याच्या प्रती करण्याचा आणि वाचकांना दाखवण्याचा कायमचा अधिकार मिळतो. ही संमती पुढे कधीतरी घेऊ असे म्हणून चालत नाही. दहा वर्षांनी लेखक सापडत नाही आणि त्याच्या वारसांना कशाविषयी विचारले जात आहे हेच कळत नाही.

प्रतींचा मुद्दा मात्र स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात पुण्यातील नदीकाठच्या वस्त्यांतील असंख्य घरे बुडाली आणि त्यांतील कागदही गेले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला केला व ग्रंथांची, पोथ्यांची मोडतोड केली. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या या संस्थेने आयुष्यभर जपलेले धन काही तासांत विस्कटले गेले. पाणी, आग, वाळवी आणि माणसाचा राग यांना एकच प्रत पुरेशी होत नाही. म्हणून जाणकार संग्रहाच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी, असे सांगतात. संगणकीय प्रत एकदा करून ठेवली की काम संपले असेही नाही. ती ठरावीक काळाने उघडून पाहावी लागते, नव्या साधनांवर उतरवावी लागते. पूर्वीचे दप्तरदार पावसाळ्यानंतर पोथ्यांना ऊन दाखवीत, तसेच हे आहे.

पैशाचा प्रश्न येथे थोडक्यात सांगायचा तर असा, की इमारतीसाठी देणगी मिळते, सूची करणाऱ्याच्या पगारासाठी मिळत नाही. ज्या संस्थांनी सभासदांच्या लहान वर्गणीतून का होईना, पण दरवर्षी येणारे उत्पन्न राखले, त्यांचे काम अखंड चालले.

आज बेंगळूरच्या शिवाजीनगरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला जयराम पिंड्याने शहाजी राजांच्या सभेविषयी काय लिहिले हे पाहायचे असेल, तर त्याला राजवाड्यांची १९२२ ची आवृत्ती शोधावी लागेल. तिची प्रस्तावना दीर्घ आहे, वाद घालणारी आहे, आणि तिच्यातील काही मते पुढच्या अभ्यासकांनी मान्य केलेली नाहीत. ती मते कोणी व कोणत्या आधारे खोडली हे त्याला त्रैमासिकाच्या जुन्या अंकांतून आणि निरनिराळ्या अभ्यासकांच्या टिपणांतून वेचावे लागेल. त्यांतील एखादे टिपण त्याला मिळेल, एखाद्याचा केवळ उल्लेख मिळेल. आणि शोधता शोधता त्याच्या स्वतःच्या हाती काही नवे लागले, बेंगळूरच्या पेठेतील एखाद्या मराठी घराण्याच्या ट्रंकेतून मोडीचा एखादा कागद निघाला, तर त्यावरचे दोन पानांचे टिपण कोठे नेऊन द्यावे, हे त्याला ठरवावे लागेल.